न फुटलेली एकतीस वर्षं

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतून साधी एक परीक्षानळी हवी असली, तरी आधी काकांना हात दाखवावे लागत. दोन्ही बाजूंनी. हात ओले असले तर काका खांद्यावरचा टॉवेल पुढे करत, आणि हातात बांगड्या असल्या तर नुसती मान हलवत. मी नव्यानं रुजू झाले तेव्हा माझ्या हातात लग्नाचा हिरवा चुडा होता. पहिल्याच दिवशी, दहावीचा अख्खा वर्ग ताटकळत उभा असताना या गृहस्थांनी मला सांगितलं, "मॅडम, बांगड्या काढा, नायतर काचंची भांडी पुडच्या म्हयन्यात न्या."

नव्या नवरीला चुडा उतरवायला सांगणारा माणूस डोक्यानं ठीक नसणार, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. पुढं सात वर्षं आम्ही एकत्र काम केलं. माझं ते मत फारसं बदललं नाही, फक्त त्यात माया मिसळत गेली.

कागदोपत्री काका प्रयोगशाळा परिचर होते. शाळा आमची खांदा कॉलनीतली आणि काका विमानतळासाठी उठवलेल्या एका गावचे आगरी. शिक्षकांच्या खोलीत नव्या माणसाला पाण्याचा माठ कुठं आहे हे सांगायच्या आधी एक गोष्ट सांगितली जायची: या माणसाच्या हातून नोकरीत आजपर्यंत एकही काच फुटलेली नाही. मुलांच्या हातून फुटायच्या. शिक्षकांच्या हातून तर त्याहून जास्त फुटायच्या. काकांच्या हातून मात्र नळी नाही, चंचुपात्र नाही, भिंगसुद्धा नाही. फुटलेल्या भांड्याला काका 'फुटलं' म्हणत नसत. "आज सातवी ब नं दोन घालवल्या," असं सुतकी आवाजात सांगत. मग ते तुकडे शाळेमागच्या चिंचेखाली खड्डा करून पुरत. कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून पुरतो, असं त्यांचं म्हणणं. पण पुरताना खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरत, ते कशासाठी, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

कपाटातल्या प्रत्येक भांड्यावर त्यांनी काळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढलेली होती. भांडं परत ठेवताना ती रेघ समोर यायला हवी. रेघ वाकडी दिसली की काका ते भांडं परत उचलून ठेवायला लावत, मग समोर विद्यार्थी असो की शिक्षणाधिकारी. "ठेवलं ते ठेवलं, टाकलं ते टाकलं," हे त्यांचं ब्रीद. भांडं टेबलावर टेकताना आवाज आला, तर ते टाकलं. आवाज आला नाही, तर ठेवलं. एकदा मी म्हटलं, "काका, काचेला काय कळतंय?" तर म्हणाले, "ती रडत नाय, म्हनून काय तिला लागत नाय?"

जमिनीच्या मोबदल्यात काकांना पैसा बराच मिळाला होता. गावातल्या इतरांसारखाच त्यांनीही तीन मजली बंगला बांधला आणि मोठी पांढरी गाडी घेतली. पण ती गाडी ते शाळेपासून दोन गल्ल्या अलीकडे लावून चालत येत. मुख्याध्यापिकाबाई जुन्या स्कूटरवरून यायच्या. "मोठ्या बाईंच्या गाडीशेजारी माझी गाडी लावली तर त्यांच्या गाडीला कसं वाटंल?" इथंही काळजी बाईंची नव्हती, गाडीची होती, हे लक्षात घ्या.

ती गाडी घेतानाची गोष्ट तर पनवेलच्या शोरूमवाल्यांमध्ये अजून सांगतात म्हणे. विक्रेता पोरगा गाडीचं इंजिन, टचस्क्रीन, आवाजावर चालणारा रेडिओ असं सगळं सांगत राहिला. काकांनी पिशवीतून शाळेचं चंचुपात्र काढलं, पाण्यानं काठोकाठ भरलं, मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "आता चालव. तीन गतिरोधक घे." अशा पाच गाड्या झाल्या. पाचव्या गाडीत पँट कोरडी राहिली. तीच घेतली.

काचसामान आणायला ते स्वतः मुंबईला जात. कंपनी घरपोच पाठवते, हे मी त्यांना दहादा सांगितलं होतं. एकदा मीही बरोबर गेले आणि आयुष्यभराचा धडा घेतला. येताना खोकं माझ्या मांडीवर होतं, आणि गाडी अशी चालली होती की कळंबोलीच्या चौकात एका भाजीच्या हातगाडीनं आम्हाला मागं टाकलं. मागचे ट्रकवाले आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. काका शांत होते. "शिव्या काचंला लागत नाय, मॅडम. खड्डा लागतो."

विमानतळ सुरू झाला आणि काकांना नवीन काम मिळालं. मधल्या सुटीत ते मैदानात येऊन मान वर करून उभे राहायचे. त्यांची भाताची खाचरं होती तिथं आता धावपट्टी आहे, निदान त्यांचा तसा दावा होता, आणि त्यामुळे उतरणारं प्रत्येक विमान हे त्यांच्याच शेतात उतरतं, असं ते मानत. "हलू, हलू... आमचा बांध हाय तिथं," असं विमानाला सांगत. मग कान देऊन थोडा वेळ थांबत. विमानतळ इथून काही हाकेच्या अंतरावर नाही, पण काकांना टेकल्याचा आवाज यायचाच. "आज दनकन टाकलंन. डायवर नवीन हाय." कधी खूश असले तर म्हणायचे, "ह्यानी ठेवलं."

आणि सगळ्या काचेवर राज्य होतं त्या हंडीचं. घंटा वाजताना हंडीतली हवा पंपानं काढून घ्यायची, म्हणजे घंटेचा आवाज विरत जातो, हा जुना प्रयोग. आमची हंडी काकांच्याही आधीपासूनची. गुडघ्याएवढी उंच, जाड काचेची, वर काचेचाच गोंडा. पंप बिघडून जमाना झाला होता. त्यामुळे हवा निघत नसे आणि घंटा शेवटपर्यंत खणखणीत वाजत राही. "आवाज कमी झाला असं समजा," असं आम्ही मुलांना सांगायचो. एवढ्या निरुपयोगी वस्तूला काका तळहातावरच्या फोडासारखे जपत. दर शनिवारी पुसायचे. तिला हात लावायची परवानगी शाळेत कुणालाच नव्हती, मलाही नाही.

मी रुजू झाल्याच्या सातव्या वर्षी एका महिनाअखेरीला काका निवृत्त होणार होते. पंचवीस दिवस उरले होते तेव्हा ते मला म्हणाले, "मॅडम, मला शाल नको, नारल नको. एवडं पंचीस दिवस नीट जाऊ द्या. एकतीस वर्सांत फुटली नाय, आता शेवटाला फुटली तर सगलं पान्यात." चेष्टेत नव्हते ते. रात्री दचकून उठतो, असंही म्हणाले. स्वप्नात हातातून काहीतरी निसटतं, आणि खाली पडल्याचा आवाजच येत नाही.

आणि नेमकी त्याच महिन्यात मी अंड्यांची स्पर्धा काढली. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथं मी काढली आणि खवखवलं काकांना.

चंद्रावर यान हळुवार उतरवतात, त्यावरचा उपक्रम होता. आठवीच्या मुलांनी चार-चार जणांचे गट करायचे, एक कच्चं अंडं घ्यायचं आणि त्याच्याभोवती असं काही बांधायचं की ते तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून सोडलं तरी फुटणार नाही. मी मोठ्या उत्साहानं काकांना सांगायला गेले.

"अंडी वरून टाकाची?"

"हो. पण फोडायची नाहीत काका, वाचवायची."

"मंग वरून टाकता कशाला? खाली ठेवा. वाचतील."

मी वेगाबद्दल बोलले, आघाताबद्दल बोलले, चंद्राबद्दलही बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढचे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरीकडून मोठ्या बाई. त्यांच्या घरात कांदासुद्धा दाराबाहेर चिरतात. "उपक्रम उत्तम आहे," त्या म्हणाल्या, "पण सूचनेत अंडं लिहू नका. काही पालकांना चालणार नाही. नाजूक वस्तू लिहा." लिहिलं. त्या संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर दोनशे निरोप आले. 'नाजूक वस्तू कुठे मिळेल?' 'ऑनलाइन दिसत नाहीये.' 'शाळेतून घ्यायची सक्ती आहे का?' एका आईनं तर घरातली लाडूगोपाळाची मूर्ती चालेल का, असं विचारलं. शेवटी मी प्रत्येक पालकाला स्वतंत्रपणे अंडं असल्याचं गुपचूप सांगितलं.

चौथ्या दिवशी काका आपणहून आले. मुलं प्रयोगशाळेत खोकी बांधत बसली होती. एकानं अंड्याऐवजी सरावासाठी बटाटा घेतला होता आणि तो खोक्यात आदळत होता. काकांना ते बघवलं नाही. पुढं होऊन त्यांनी त्या पोराचं खोकं घेतलं, कानाशी हलवून पाहिलं आणि म्हणाले, "आत लय जागा ठेवलीस. जागा ठेवली की हलतं, हललं की आपटतं. आनि गच्च कोंबलंस तर बाहेरचा दनका सगला आत जातो. असं धराचं, पोर धरल्यासारकं. घट्ट बी नाय, सैल बी नाय." मी दोन तास फळ्यावर जे सांगितलं होतं ते या माणसानं दोन वाक्यांत उरकलं. त्या दिवसापासून स्पर्धा काकांची झाली. मुलं मला विचारेनाशी झाली. कुणी चुरमुरे भरत होतं, कुणी सावरीचा कापूस, कुणी आईची जुनी ओढणी, आणि काका प्रत्येक खोक्याला कान लावत फिरत होते. फक्त एका गटाला त्यांची गरज नव्हती. त्यांतल्या एकाचे वडील अभियंते होते. त्यांचं यान चार पायांवर उभं राहायचं आणि त्याबरोबर चार पानांचा आराखडाही होता.

"अंडी मात्र माज्या घरची," काकांनी जाहीर केलं. "बाजारचं अंडं म्हंजे नुसतं पानी. त्याची साल बोटानं मोडते. गावठी घ्या, पोरांना जरा न्याय मिलंल." गट दहा होते. एखादं जास्तीचं धरून अकरा अंडी लागणार होती.

आणखी एक ठरलं. जिंकणारं अंडं सगळ्यांना दिसावं म्हणून टेबलावर हंडीखाली ठेवायचं, ही मोठ्या बाईंची कल्पना. मला वाटलं, काका साफ नाही म्हणतील. पण त्यांनी एक रात्र विचार केला आणि म्हणाले, "शेवटचीच येल हाय. तिला पन बाहेरचं बघू दे. पन उचलनार मी."

स्पर्धेच्या दिवशी काका सकाळी सहालाच येऊन मैदानात फक्कीनं वर्तुळ आखत होते. त्यांची बायको उरणला माहेरी लग्नाला गेली होती. त्यामुळे अंडी घेऊन आली त्यांची सून. ती ठाण्याची, बँकेत नोकरी करणारी, फ्लॅटमध्ये वाढलेली गोड मुलगी. स्कूटरवरून आली, हातात झाकणाचा प्लॅस्टिकचा ट्रे. प्रत्येक अंडं पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं. बोटाला पट्टी.

"काय झालं बोटाला?"

"कोंबडीनं टोचलं हो! बाबा म्हणाले, घरचीच अंडी आण. फ्रीजमध्ये सगळी मीच आणलेली बाजारची होती. मग गच्चीवर गेले. तिथं टोपलीत एक कोंबडी अंड्यांवर बसून होती, ती उठायलाच तयार नाही. इतकी आळशी! शेवटी मॉपनं सरकवली तिला. बरोबर अकरा होती बघा. बाबांनी खुणासुद्धा करून ठेवल्यात."

मी एक अंडं उघडून पाहिलं. त्यावर कोळशानं ओढलेली एक काळी रेघ. सगळ्यांवर होती. "त्यांची सवयच आहे," मी हसून म्हटलं. "रेघ समोर आली पाहिजे." आम्ही दोघीही हसलो. आता आठवलं की अंगावर काटा येतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ती ठाण्याची, मी डोंबिवलीची. कोंबडी आम्ही दोघींनी मसाल्यातच पाहिलेली.

सूनबाई स्पर्धा बघायला थांबल्या, आणि अंडी मी वर्गात वाटली. चाळीस मुलांच्या गोंगाटात ती खोक्यांत बंद झाली, चिकटपट्ट्या लागल्या, आणि पीटीचे सर दहाच्या दहा खोकी घेऊन गच्चीवर गेले. अकरावं अंडं माझ्या टेबलावर ट्रेमध्ये राहिलं. काकांच्या नजरेला त्यांतलं एकही पडलं नाही.

मैदानात मंडप होता. मोठ्या बाई माइक घेऊन बसल्या होत्या. ध्वनिवर्धकावर देशभक्तीची गाणी इतक्या जोरात लागली होती की शेजारच्या सोसायटीतले लोकही गॅलरीत आले होते. पहिलं खोकं कोन गावाहून येणाऱ्या चार मुलींचं. तुपाचा डबा, आत चुरमुरे, वर कॅरीबॅगची छत्री. सरांनी सोडलं. ते डुलत डुलत आलं आणि वर्तुळात धप्पकन बसलं. मुलींनी डबा उघडला. अंडं शाबूत! टाळ्या कडाडल्या.

तेवढ्यात त्यांतली एक मुलगी माझ्याकडे आली. "मॅडम, आवाज येतोय."

"कसला? तडा गेलाय का?"

"नाही. आतून येतोय."

"कुणाचा तरी मोबाईल असेल."

"मॅडम, अंड्यात?"

मी अंडं कानाला लावलं. आत अगदी बारीक, घाईघाईनं, चिव चिव चिव. मी विज्ञानाची पदवीधर आहे, वर बीएड. अशा प्रसंगी जे करायला हवं तेच मी केलं. ते अंडं दुसऱ्या कानाला लावून पाहिलं.

त्याच वेळी प्रयोगशाळेच्या दारातून काका निघाले होते. दोन्ही हातांनी हंडी छातीशी धरलेली, पावलं मोजून टाकत, आणि पुढं दोन मुलं रस्ता मोकळा करत चाललेली. ते वर्तुळाच्या कडेला आले तेव्हा मी अंडं त्यांच्यासमोर धरलं. "काका, हे अंडं बोलतंय."

काकांनी ती कोळशाची रेघ पाहिली, आणि त्यांचा चेहरा त्या फक्कीसारखा पांढरा पडला.

"ही कंची अंडी?"

"घरचीच. सूनबाईंनी गच्चीवरून आणली, त्या आळशी कोंबडीची."

"अवो आलशी नाय, ती खुडूक हाय! बसवलीय ती! आज ईस दिवस झाले, उद्या पिलं निगतील!"

मग मला कळलं, आणि तेही सगळं एकदम. कोंबडी उबवायला बसवली की तिच्याखालच्या अंड्यांवर कोळशानं रेघ ओढतात. दुसरी एखादी कोंबडी त्याच टोपलीत नवीन अंडं घालून गेली, तर बिनरेघेचं तेवढं उचलून खायला घेता यावं म्हणून. रेघ असलेल्याला हात लावायचा नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. आणि तशी नऊ अंडी आता तिसऱ्या मजल्यावर होती.

"थांबवा!" काका ओरडले. गाण्यात ते कुणाला ऐकू जाणार? मी दोन्ही हात वर करून जीव तोडून हलवले. पीटीच्या सरांनी ते पाहिलं, अंगठा दाखवला आणि दुसरं खोकं सोडलं. माझे हात म्हणजे सोडण्याची खूण, असं आदल्या दिवशी मीच त्यांना सांगितलं होतं.

ते अभियंत्यांचं यान होतं. चार पाय, आराखडा, सगळं यथासांग. फक्त छत्रीला घडी राहावी म्हणून लावलेलं रबर काढायचं राहून गेलं होतं. छत्री उघडलीच नाही. ते थेट दगडासारखं खाली यायला लागलं.

तीन मजल्यांवरून वस्तू खाली यायला किती वेळ लागतो, हे गणित मी दरवर्षी फळ्यावर सोडवून देते. दीड सेकंद. दीड सेकंद हा किती मोठा वेळ असतो, ते मला त्या दिवशी कळलं. काकांनी वर पाहिलं. मग हातातल्या हंडीकडे पाहिलं. खरंच पाहिलं, मी शपथेवर सांगते. आणि त्यांनी हात उघडले.

हंडी पडताना मी पाहिली नाही. कारण काका पुढं झेपावले होते, अठ्ठावन्न वर्षांचा, गुडघे दुखणारा माणूस, आणि ते खोकं त्यांच्या छातीवर आदळून दोन्ही हातांत आलं. ते खोक्यासकट मागं जाऊन मातीत बसले. हंडीचा फक्त आवाज ऐकला. तो आवाज त्या गाण्याच्याही वर गेला.

कुणीतरी गाणं बंद केलं. मुलांना अंड्याचं काहीच माहीत नव्हतं, पण हंडी म्हणजे काय आणि ती कुणाच्या हातून पडली, हे पाचवीतल्या पोरालाही समजलं होतं. काकांनी मात्र तिकडे पाहिलं नाही. त्यांनी खोकं फाडलं, अंडं काढलं, कानाला लावलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळानं ते म्हणाले, "हाय. जीव हाय."

मी धावत जाऊन मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या इतक्या गडबडल्या की हातातला माइक चालू आहे हे विसरल्या, आणि त्यांचा आवाज खांदा कॉलनीभर गेला, "म्हणजे ती नाजूक वस्तू जिवंत आहे?"

वरची आठ खोकी काकांनी स्वतः खाली आणली. एका वेळी एक. आठ वेळा तीन मजले चढले आणि उतरले. पीटीचे सर मदत करतो म्हणाले, तर काकांनी त्यांना आधी हात दाखवायला सांगितलं. सगळी अंडी ट्रेमध्ये परत ठेवून झाली, तेव्हाच ते हंडीकडे वळले. उकिडवे बसून एकेक तुकडा उचलत राहिले. मी वाकले तर म्हणाले, "तुमच्या हातात बांगड्या हायत." मग तुकडे घेऊन चिंचेकडे गेले. आम्ही कुणी मागं गेलो नाही. मी व्हरांड्याच्या खांबाआड उभी राहून रडले. स्पर्धा मीच काढली होती, खूणसुद्धा मीच केली होती.

त्या दिवशी अंडी काकांच्या गाडीतून घरी गेली. ट्रे माझ्या मांडीवर, सून मागच्या सीटवर डोळे पुसत. गाडी नेहमीपेक्षाही हळू. खुडूक कोंबडी गच्चीवर रिकाम्या टोपलीत तशीच फुगून बसली होती. काकांनी तिच्याखाली एकेक अंडं सरकवलं, तिनं त्यांच्याही बोटाला टोचलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरातली दहा पिल्लं निघाली. सूनबाईंनी मला दहा मिनिटांत तीस फोटो पाठवले. काकांची बायको उरणहून परत आली तेव्हा तिला हे सगळं कसं सांगितलं, ते मी विचारलं नाही. काका मात्र दोन दिवस शाळेत डबा न आणता येत होते.

स्पर्धा पुढच्या आठवड्यात बाजारच्या अंड्यांवर झाली. दहातली सात फुटली.

मोठ्या बाईंविषयी मी आजवर काहीही बोलले असेन, पण त्यांनी काकांना खोलीत बोलावून घेतलं तेव्हा मी तिथं होते. "काका," त्या म्हणाल्या, "हंडी वाऱ्यानं पडली असं म्हणू आपण. मंडपाचं कापड लागलं. कुणाला काय कळतंय?"

"वारा नव्हता, बाई. मी सोडली."

निरोप समारंभ शेवटच्या दिवशी झाला. काकांनी नको म्हटलेली शाल आणि नारळ दोन्ही होतं. मोठ्या बाई भाषणाला उभ्या राहिल्या. एका जागी थांबल्या, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ठासून म्हणाल्या, "एकतीस वर्षांत आमच्या काकांच्या हातून एकही काच फुटली नाही!" आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी तर बाकं बडवली. हे कुणी कुणाला सांगून ठरवलेलं नव्हतं.

टाळ्या चालू असतानाच काका उठून उभे राहिले. टाळ्या थांबल्या.

"एक फुटली," ते म्हणाले.

"काका, ती धरायची नाही. आमचं सगळ्यांचं ठरलंय."

"तुमचं ठरलं. माजं नाय ठरलं." शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यांनी सावरली नाही. "माज्याआदीपासूनची व्हती ती. लय वाईट वाटलं. अजून वाटतंय, खोटं का बोलू? पन हात दोनच व्हते, बाई."